फ्रेजल व्हर्ब्जचा गठ्ठा, भाग ४: प्रेम, चुंबन आणि 'विथ'चा घोळ

इंग्रजी फ्रेजल व्हर्ब्ज (क्रियापदाला 'आउट', 'अप'सारखा छोटा शब्द जोडून बनलेली) पाठ करायच्या गठ्ठ्यात, मागे मराठी अर्थ लिहिलेली, प्रेमाच्या कप्प्यात आता १४ कार्डं. ९ पक्की, ३ डळमळीत, २ पुन्हा लिहायला काढलेली.

ती दोन्ही चुंबनाचीच. पहिलं अमेरिकन 'मेक आउट'. मागे नुसतं 'चुंबन घेणे' लिहिलं तर गालावरच्या पापीलाही हेच क्रियापद लागतं. 'मिठीत बराच वेळ चुंबनं घेत रमणे' असं सविस्तर लिहा. खरी मेख 'विथ'मध्ये. 'ही मेड आउट विथ हर' म्हणजे चुंबनं; 'ही मेड हर आउट' म्हणजे अंधारात ती त्याला कशीबशी दिसली! कर्ता दोघं मिळून असतील तर मात्र 'विथ' लागत नाही: 'दे वर मेकिंग आउट'.

दुसरं ब्रिटिश 'गेट ऑफ विथ': पार्टीबिर्टीत कुणाशी जुळून चुंबनापर्यंत, कधी त्याहून पुढे जाणं. 'गेट ऑन विथ' म्हणजे नुसतं पटणं. साहेबांबद्दल बोलताना 'ऑन'चं 'ऑफ' झालं की संपलंच. 'गेट ऑफ विथ अ वॉर्निंग'मध्ये मात्र ताकदीवर नव्हे, ताकिदीवर सुटका. तेव्हा 'विथ'पुढे माणूस आहे की शिक्षा, ते आधी बघा.

डळमळीत तिन्ही कार्डांचं दुखणं एकच, सर्वनामाची जागा. 'आस्क आउट' (फिरायला येण्याबद्दल विचारणे), 'चॅट अप', 'टर्न डाउन' (नकार देणे), 'स्टँड अप' यांच्यात सर्वनाम मधेच बसतं: 'ही आस्क्ड हर आउट'. 'आस्क्ड आउट हर' चूक. 'फॉल फॉर' (प्रेमात पडणे) आणि 'हिट ऑन' फुटत नाहीत, सर्वनाम शेवटीच येतं. कानाने ओळखायची खूण: 'चॅट हर अप'मध्ये जोर 'अप'वर, 'फेल फॉर हर'मध्ये 'फेल'वर.

मराठी प्रतिशब्दही जपून. 'हिट ऑन'ला 'लाइन मारणे' चपखल. 'चॅट अप'ला 'पटवणे' नको, पटवण्यात यश गृहीत असतं; 'पटवायला बघणे' बरोबर. 'स्टँड अप' म्हणजे भेटीला बोलावून टांग देणे. समोरच्याला ताटकळत उभं ठेवलं, असं मनात धरलं की हे आयतंच लक्षात राहतं.

पुढचं कार्ड 'मेक अप', म्हणजे भांडण मिटवणं. 'मेक आउट'च्या पाठोपाठ घेतलं तर दोन्ही एकमेकांत मिसळतात. मधे चार दिवस जाऊ द्या.