आमची वाटचाल : जुन्या चौकटी आणि त्यांच्या पाठी

आमच्या धंद्याची सुरुवात रंगाच्या डब्यापासून झाली. जुनी फ्रेम घ्यायची, पॉलिश पेपरने घासायची, अस्तर मारून पांढरा नाहीतर करडा रंग द्यायचा आणि रिकामीच विकायची. मैत्रीण चित्रकला शिकवायची, मला सुतारकामाचा नाद. एक टेबल, थोड्या पकडी आणि गुण्या एवढ्यावर काम चालायचं. गिऱ्हाईक फ्रेम समोरून बघायचं, आणि आम्हीही.

हे बदललं ते लोक आपापली चित्रं घेऊन यायला लागले तेव्हा. कुणाची हौसेने केलेली जलरंगाची निसर्गचित्रं, कुणाच्या वडिलांची पेन्सिलीची रेखाटनं, आणि मुलांची चित्रं तर ढिगाने. घरातच जुनी फ्रेम पडून आहे, तिच्यातच हे बसवून द्या, अशी मागणी. मग फ्रेम उलटी करून गंजलेल्या चुका (बारीक खिळे) उपटाव्या लागल्या आणि पाठीमागचा सगळा संसार दिसायला लागला: तपकिरी पडलेला पुठ्ठा, त्याखाली दडपलेलं वर्तमानपत्र, चित्राच्या चारी कडांना चिकटपट्टी, आणि काचेला लागून बसलेलं चित्र. समोरचा रंग आम्ही कितीही सुंदर दिला असता, तरी आतलं चित्र तसंच खराब होत राहिलं असतं. तेव्हापासून दुकानात फ्रेम आली की ती आधी पालथी करायची, हा आमचा शिरस्ता.

स्वस्त पुठ्ठ्यात लाकडाचा लगदा असतो. त्यातलं लिग्निन काळाबरोबर आम्ल सोडतं आणि ते शेजारच्या कागदात उतरतं. माउंट म्हणजे चित्राभोवतीची, मधोमध खिडकी कापलेली पुठ्ठ्याची चौकट. जुन्या माउंटच्या खिडकीची तिरकी कापलेली कड पाहा. ती पिवळी-तपकिरी दिसली तर चित्रावरही तिच्या कडेने तसाच पट्टा उमटलेला असण्याची शक्यता मोठी. म्हणून आम्ही लाकूड ठेवतो, काच चांगली असेल तर काच ठेवतो, आणि पुठ्ठा, माउंट, चिकटपट्टी सगळं काढून टाकतो. नवीन माउंट आणि पाठीचा बोर्ड आम्लरहित घेतो. चित्र फक्त वरच्या कडेला, जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्यांनी, गव्हाच्या स्टार्चच्या खळीने टांगतो. यावर जवळजवळ प्रत्येक गिऱ्हाईक शंका काढतं: एवढं मोठं चित्र दोन बोटांच्या कागदावर राहील? राहतं. आणि खळ पाण्याने सुटते, त्यामुळे पुढे कुणाला चित्र काढायचं झालं तर फाडावं लागत नाही. कागद हवेतल्या ओलाव्याने फुगतो आणि कोरड्या हवेत आकसतो. चारी बाजूंनी डकवला की हलायला जागा न मिळाल्यामुळे त्याला लाटा पडतात.

दुसरा नेहमीचा प्रश्न मापाचा. जुनी फ्रेम एका मापाची, चित्र दुसऱ्याच. अशा वेळी फ्रेम कापून लहान करा असं लोक सुचवतात. चित्राचीच कड थोडी कापा, असं सुचवणारेही भेटले आहेत! हा फरक माउंटने पोटात घ्यायचा असतो. समजा चित्र ए-फोर आहे, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर, आणि फ्रेमच्या आतल्या खाचेत ३०० बाय ४०० चा माउंट बसतो. खिडकी चित्रापेक्षा प्रत्येक बाजूने ३ मिलिमीटर लहान कापली की ती २०४ बाय २९१ ची होते. डावी-उजवीकडे ४८ मिलिमीटर कडा राहते आणि वर-खाली मिळून १०९. त्यातले वर ५० आणि खाली ५९ द्यायचे, कारण दोन्हीकडे सारखं ठेवलं तर चित्र घसरल्यासारखं दिसतं. सही अगदी कडेला असेल तर खिडकी चित्रापेक्षा मोठी कापून अख्खा कागद दिसू देतो. खुद्द खाचेत २-३ मिलिमीटर मोकळीक हवीच. ठोकून बसवलेला माउंट पुढे वाकतो.

काचेबद्दल आम्ही थोडे हट्टी आहोत. कागदावरचं चित्र आणि काच यांच्यात हवा हवी. माउंट नको असेल तर खाचेत बारीक पट्टी घालून अंतर ठेवायचं. नाहीतर आत ओल धरते आणि रंग काचेला चिकटतो. पेस्टल किंवा कोळशाच्या चित्रावर आम्ही अॅक्रिलिकचा पत्रा लावत नाही, कारण त्यावरची स्थिर वीज रंगाची भुकटी ओढून घेते. कॅनव्हासवरच्या तैलचित्राला सहसा काच लावत नाही. कॅनव्हासची जाडी खाचेपेक्षा जास्त असेल तर फ्रेमच्या पाठीला लाकडी पट्ट्या जोडून खोली वाढवतो.

लाकडाच्या कामात मात्र जुनी फ्रेम सुख देते. पुष्कळ जुन्या फ्रेमा सरसाने जोडलेल्या असतात, आणि सरस गरम पाण्याने मऊ होतो. ढिला झालेला सांधा उघडायचा, जुना सरस पूर्ण खरवडायचा (त्याच्यावर आजचा पांढरा गोंद नीट धरत नाही), पुन्हा जोडून पट्ट्याच्या पकडीत आवळायचा. दोन्ही कर्ण सारखे भरले की काटकोन साधला. लाकडावर १-२ मिलिमीटरची गोल भोकं दिसली आणि खाली ताजी, फिकट पीठासारखी भुकटी पडत असली, तर किडा जिवंत आहे. ती फ्रेम बाकीच्यांत मिसळत नाही. जुन्या रंगात शिसं असू शकतं म्हणून असा रंग आम्ही कोरडा घासतच नाही, पाण्याने ओला करूनच घासतो.

सोनेरी फ्रेमवरून सर्वांत जास्त वाद होतात. बहुतेकांना तिचा पांढरा रंग करून हवा असतो. आम्ही आधी बघतो की हा सोन्याचा वर्ख आहे की नुसता सोनेरी रंग. वर्खाचे चौकोन साधारण ८ सेंटिमीटरचे असतात, त्यामुळे तेवढ्या अंतरावर एकावर एक आल्याच्या पुसट रेघा सापडतात. सोनेरी रंगात पितळेची भुकटी असते, ती काळी-हिरवी पडते. तसल्या फ्रेमवर हवा तो रंग द्या, आमची हरकत नाही. खऱ्या वर्खावर रंग देऊन मागणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो. त्यापायी काही गिऱ्हाइकं गेली, जाऊ देत. नक्षीचं एखादं पान तुटलं असेल तर शाबूत पानावरून सिलिकॉनचा साचा घेऊन नवं ओततो. फारच जुनी, मोलाची फ्रेम असेल तर आम्ही हात न लावता संवर्धनाचं शिक्षण घेतलेल्या माणसाकडे पाठवतो.

धंदा खरा उभा राहिला तो मुलांच्या चित्रांवर. पालकांना प्रत्येक चित्राला नवी फ्रेम नको होती, एकाच फ्रेममध्ये चित्रं बदलता यायला हवी होती. म्हणून जुन्या खोल फ्रेमांना आम्ही पाठीमागे चुकांऐवजी फिरक्या लावायला सुरुवात केली. फिरकी वळवा, पाठ काढा, नवं चित्र घाला, जुनी मागे रचून ठेवा. स्केचपेनचा रंग उजेडाने लवकर उडतो, त्यामुळे तसं लाडकं चित्र असेल तर त्याची प्रत फ्रेममध्ये लावा आणि मूळ अंधारात ठेवा, असं आम्ही सांगतो. कागदावरच्या चित्रांसाठी संग्रहालयं साधारण ५० लक्सच (लक्स हे उजेडाचं माप) उजेड ठेवतात. घरात एवढं कुणी पाळत नाही, पण समोरच्या खिडकीचं ऊन तरी टाळता येतं.

आता आम्ही पाच जण आहोत आणि रिकाम्या फ्रेमा विकणं जवळपास थांबलं आहे. काम सावकाश होतं, घाईचं आम्ही घेत नाही. फ्रेम आणताना चित्रही बरोबर आणा, आणि ते कुठल्या भिंतीवर लागणार ते सांगा. ओल येणारी भिंत असेल तर पाठीला खाली दोन फेल्टच्या टिकल्या लावून देऊ, म्हणजे मागून हवा खेळेल. चित्र कुणाचं, कधीचं, हे मागे पेन्सिलीने लिहून ठेवायला आम्ही लावतोच. आणि फ्रेम कितीही मळकी असली तरी पुसून आणू नका. वर्खावरून एकदा ओला फडका फिरला की सोनं फडक्यावर येतं आणि आमचं काम दुप्पट होतं.