दाहाचा आकडा आणि खुर्चीवरून उठण्याची चाचणी

रक्तदाबाची गोळी मी बऱ्याच वर्षांपासून घेतो आणि मधुमेहाचे निदान सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त होण्याच्या सुमारास झाले. दोन्ही दुखणी कागदावर आटोक्यात असतानाही गेल्या हिवाळ्यात कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर माझ्याबरोबरीने चालणारी मंडळी पुढे निघून जाऊ लागली आणि जेवायला मांडी घालून बसल्यावर उठताना हाताचा टेकू लागू लागला. छातीत दुखत नव्हते, धाप लागत नव्हती, गुडघ्यांचे एक्स-रेही वयाच्या मानाने ठीक होते. ईसीजी आणि टूडी इको पाहून झाल्यावर डॉक्टरांनी एचएस-सीआरपी, म्हणजे सीआरपीचे अगदी थोडे प्रमाणही मोजणारी रक्तचाचणी लिहून दिली.

सीआरपी हे यकृतात तयार होणारे प्रथिन असून शरीरात कुठेही दाह, म्हणजे संसर्गाला किंवा इजेला शरीर देते तशी सुजेची प्रतिक्रिया, असला की त्याचे प्रमाण वाढते. हृदयविकाराच्या जोखमीचा अंदाज घेताना लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आतला आकडा कमी जोखमीचा, १ ते ३ मधला मध्यम आणि ३ च्या वरचा अधिक जोखमीचा धरतात. माझा आकडा १२ च्या पुढे निघाला. घरी सगळे घाबरले. डॉक्टरांनी मात्र आधी दातांची चौकशी केली. आकडा १० च्या वर असेल तर बहुधा एखादा ताजा संसर्ग किंवा इजा त्यामागे असते, त्यावरून हृदयाचा निष्कर्ष काढायचा नसतो, असे त्यांनी सांगितले. माझ्या एका दाढेखाली पू झाला होता. त्यावर उपचार होऊन काही आठवडे गेल्यावर पुन्हा रक्त दिले, तेव्हा ४.६ आले, आणि विचार करायचा होता तो याच आकड्याचा.

पोटाच्या आत साठलेली चरबी इंटरल्युकिन-६ सारखी रसायने सोडते आणि त्यांच्या इशाऱ्यावर यकृत सीआरपी बनवते. भारतीय पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत असावा असे मानतात. माझा बराच पुढे होता. असा मंद दाह वर्षानुवर्षे चालला तर रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते आणि स्नायूंची झीजही वाढते, आणि हालचाल मंदावली की चरबी व दाह दोन्ही वाढतात, त्यामुळे माझ्या बाबतीत आधी काय घडले हे सांगणे डॉक्टरांनाही शक्य नव्हते.

गंगापूर रोडवरच्या फिजिओथेरपिस्ट ताईंकडे झालेली तपासणी मला रक्ताच्या अहवालापेक्षा अधिक बोलकी वाटली. पावले वेगवेगळ्या तऱ्हेने ठेवून प्रत्येक वेळी १० सेकंद तोल सांभाळणे, ४ मीटर नेहमीच्या चालीने चालणे आणि हात छातीशी बांधून खुर्चीवरून सलग पाच वेळा उठणे, एवढीच ती तपासणी, एकूण १२ गुणांची. “काका, घाई करू नका, रोज चालता तसेच चाला,” असे त्या म्हणाल्या. चालायला ५.८ सेकंद लागले, उठायला १६. गुण पडले ८. उठण्याचे ४ पैकी २ च मिळाले, म्हणजे ट्रॅकवर मागे पडण्याचे कारण मांड्यांमध्ये होते.

रक्तदाबासाठी लोसार्टन मी आधीपासूनच घेत असल्याने तीच गोळी दाहावरही चालेल का, असे मी डॉक्टरांना विचारले. सत्तरीपुढच्या, चाल मंदावलेल्या आणि इंटरल्युकिन-६ वाढलेल्या लोकांवर अमेरिकेत लोसार्टन आणि माशाचे तेल या दोन्हींची चाचणी झाली होती. त्यात ना दाह कमी झाला, ना चालीचा वेग वाढला, असे उत्तर मिळाले. उलट २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लाइफ’ या अभ्यासात ७० ते ८९ वयाच्या १,६३५ जणांपैकी ज्यांना चालणे, ताकद आणि तोल यांचा नियमित व्यायाम दिला, त्यांच्यात ४०० मीटर चालण्याची क्षमता गमावणारे कमी निघाले. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन मात्र सुरू झाले, आणि त्याने सीआरपीही थोडा उतरतो.

व्यायाम कंटाळवाणा होता, हे लिहायलाच हवे. सुरुवातीला खुर्चीवर घडी घातलेली सतरंजी ठेवून उंचावरून उठायचे, जमले की सतरंजी काढायची. चालताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये एवढा वेग ठेवायचा. निघण्यापूर्वी साखर पाहायची आणि परतल्यावर तळपाय तपासायचे, कारण मधुमेहात फोड आलेला कळत नाही. पावसाळ्यात ट्रॅक निसरडा झाल्यावर मी इमारतीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारत असे आणि “अहो, वॉचमनची नोकरी धरली का?” असे सौ. रोज विचारत असे.

दिवाळीनंतरच्या तपासणीत उठण्याची वेळ १२ सेकंदांवर आली आणि गुण १० झाले. सीआरपी २.९ आला, त्यातला किती वाटा स्टॅटिनचा आणि किती व्यायामाचा, हे वेगळे काढता येत नाही. ती चाचणी इतक्यात पुन्हा करण्याची गरज डॉक्टरांना वाटत नाही. फिजिओथेरपिस्ट ताईंनी मात्र पुढची तारीख देऊन ठेवली आहे, आणि पांडवलेणीच्या पायऱ्या चढायला त्या अजून परवानगी देत नाहीत.