बॉयलर ठणठणीत, टायमर बिघडलेला आणि जबाबदारी कोणाचीच नाही : माझा अनुभव

इंग्लंडमध्ये घरातले हीटिंग बंद पडले की सर्वांचा पहिला संशय बॉयलरवर जातो, आणि बॉयलर-दुरुस्तीच्या योजना विकणाऱ्या कंपन्यांचे तर सारे कामकाज याच संशयावर चालते. आमच्या लेस्टरच्या घरात मात्र बिघडला होता तो ठरलेल्या वेळी हीटिंग आणि गरम पाणी सुरू-बंद करणारा भिंतीवरचा टायमर. इथले कारागीर त्याला प्रोग्रामर म्हणतात. वरच्या मजल्यावरील एअरिंग कपबोर्डमध्ये, म्हणजे कपडे सुकवण्याच्या उबदार कपाटात, गरम पाण्याच्या सिलिंडरशेजारी तो बसवलेला आहे, आणि त्याचे दोन चॅनल आहेत, एक हीटिंगसाठी आणि दुसरा गरम पाण्यासाठी. हा डबा बदलायचा असेल तर नेमके बोलवायचे कोणाला, या साध्या प्रश्नाचे सरळ उत्तर मला कोणीही दिले नाही, आणि त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही.

दोष टायमरचाच आहे हे ओळखण्यासाठी फार मोठे ज्ञान लागले नाही. गरम पाणी वेळच्या वेळी तापत होते, म्हणजे गॅस येत होता, बॉयलर पेटत होता आणि पंपही फिरत होता. हीटिंगची वेळ झाली की टायमरवरचा लाल दिवा लागे, बैठकीच्या खोलीतील थर्मोस्टॅट मी मुद्दाम शेवटच्या अंकापर्यंत फिरवून ठेवला होता, आणि तरीही रेडिएटर थंडगार राहत. टायमरच्या डब्यावर बोटाने टिचकी मारली की मात्र आतून ‘टक्’ असा आवाज होऊन बॉयलर पेटे. टायमरच्या आत प्रत्येक चॅनलसाठी एक छोटा रिले, म्हणजे विजेने उघडझाप होणारा स्विच असतो. वर्षानुवर्षे उघडझाप होऊन त्याचे कॉन्टॅक्ट झिजले की दिवा लागतो, पडद्यावर सर्व काही सुरळीत दिसते, पण वीज पुढे जात नाही. खात्रीसाठी मी सिलिंडरजवळच्या, रेडिएटरकडे जाणारे पाणी सोडणाऱ्या मोटराइज्ड व्हॉल्व्हची बाजूची कळही हलवून पाहिली. टिचकीपूर्वी ती घट्ट असे आणि टिचकीनंतर व्हॉल्व्ह उघडून ती सैल पडे. म्हणजे व्हॉल्व्ह आणि थर्मोस्टॅट दोन्ही निर्दोष होते.

एवढी माहिती हातात घेऊन मी आमच्या दुरुस्ती-योजनेच्या हेल्पलाइनला फोन केला. या योजनेसाठी आम्ही दरमहा पैसे भरत होतो आणि तिचा उपयोग करण्याची वेळ प्रथमच आली होती. बराच वेळ संगीत ऐकवल्यानंतर जी व्यक्ती बोलायला आली, तिने बॉयलरच्या पडद्यावर कोणता एरर कोड दिसतो, असे विचारले. बॉयलर बिघडलेला नसल्यामुळे कोड दिसत नाही, असे मी सांगितले. त्यावर बॉयलरचे प्रेशर किती आहे, असा पुढचा प्रश्न आला. आमची व्यवस्था जुन्या पद्धतीची, माळ्यावर छोटी टाकी असलेली आहे आणि तशा व्यवस्थेला प्रेशर गेज नसतोच, हे मी समजावून सांगितले. परंतु तिच्या समोरच्या फॉर्ममध्ये त्या रकान्यात आकडा भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नव्हते. तिने कोणता आकडा भरला हे मला ठाऊक नाही, पण शेवटी तक्रार नोंदली गेली ती ‘बॉयलर पेटत नाही’ अशी. गरम पाणी येते आहे, म्हणजे बॉयलर पेटतो आहे, हे माझे म्हणणे त्या फॉर्ममध्ये कुठेच मावत नव्हते.

इंजिनिअर येण्याची वेळ म्हणून सकाळी ८ ते संध्याकाळी ६ असा अख्खा दिवस देण्यात आला. इंजिनिअर आले, बूट काढून घरात आले, अतिशय सौजन्याने वागले, आणि त्यांनी बॉयलरचे आवरण उघडून तो तपासला. बॉयलर उत्तम स्थितीत असल्याचे त्यांनी मला सांगितले, जे मी हेल्पलाइनला आधीच सांगून थकले होते. मी त्यांना वर नेऊन टिचकीचा प्रयोग दाखवला. ते हसले आणि टायमर गेल्याचे त्यांनी लगेच मान्य केले. मात्र आमची योजना केवळ बॉयलरची होती. टायमर बॉयलरच्या आत बसवलेला असता तर तो बॉयलरचा भाग ठरला असता, पण भिंतीवर असल्यामुळे तो ‘बाहेरचा कंट्रोल’ ठरला. त्यासाठी याहून महागडी, ‘बॉयलर आणि कंट्रोल्स’ अशी वेगळी योजना घ्यावी लागते, आणि ती घेतली तरी आधीपासूनचा बिघाड तीत धरला जात नाही. मी वेगळे पैसे देते, तुम्हीच बदलून द्या, असे मी म्हटले, तेव्हा योजनेबाहेरचे काम त्यांना करता येत नसल्यामुळे त्यांनी मला कार्यालयाला फोन करायला सांगितले. कार्यालयाने कोणताही इलेक्ट्रिशियन हे काम करील, असे सांगून फोन ठेवला. त्या भेटीचे ठरलेले शुल्क मात्र तत्परतेने वसूल झाले.

इलेक्ट्रिशियनला फोन केला तर ‘बॉयलर’ हा शब्द ऐकताच त्यांनी गॅसवाल्यांकडे बोट दाखवले. भिंतीवरच्या या डब्यात गॅसचा थेंबही येत नाही, त्यात फक्त २३० व्होल्टच्या तारा आहेत, असे सांगितल्यावरही, हीटिंगचे वायरिंग कोणी कसे केलेले असेल याचा भरवसा नाही, म्हणून आपण त्याला हात लावत नाही, असे उत्तर मिळाले. हीटिंग इंजिनिअरना फोन केला तर ते म्हणाले की हे विजेचे काम आहे, त्यासाठी इलेक्ट्रिशियन बोलवा. काहींना एवढ्याशा कामासाठी येणे परवडत नव्हते. काहींनी नुसता टायमर बदलण्याऐवजी वायरलेस थर्मोस्टॅट, मोबाइलवरचे ॲप आणि सोबत नवे व्हॉल्व्ह असा सगळा संसारच मांडण्याचा सल्ला दिला, आणि एका गृहस्थांनी तर घर न पाहताच, बॉयलर किती जुना आहे एवढे विचारून, नव्या बॉयलरचा अंदाज फोनवर सांगितला. पुण्यात आमच्या गल्लीतला इलेक्ट्रिशियन गीझरची वायर, थर्मोस्टॅट आणि नळाचा वॉशर एकाच फेरीत बदलून जातो, आणि आपले काम नेमक्या कोणत्या खात्यात मोडते हा प्रश्न त्याच्या मनातही येत नाही. इथे तो प्रश्न सोडवता सोडवता हिवाळा संपेल अशी मला धास्ती वाटू लागली होती.

टायमरचा प्रश्न सुटेपर्यंतची सोय म्हणजे इमर्शन हीटर. सिलिंडरला बहुधा हा पाण्यात बुडालेला विजेचा हीटर असतो, तो वेगळ्या स्विचवर चालतो आणि टायमर पूर्ण बंद पडला तरी गरम पाणी देतो. विजेचे युनिट गॅसपेक्षा कितीतरी महाग असल्यामुळे तो दिवसभर चालू ठेवू नये, पण ज्यांचा टायमर पुरताच गेला असेल त्यांनी या हीटरचा स्विच कुठे आहे ते आधी शोधावे.

शेवटी नियम स्वतःच वाचले. गॅसचे काम १९९८ च्या गॅस सेफ्टी नियमांनुसार नोंदणीकृत इंजिनिअरनेच करायचे असते आणि ही नोंदणी १ एप्रिल २००९ पासून पूर्वीच्या ‘कॉर्गी’ या संस्थेऐवजी ‘गॅस सेफ रजिस्टर’कडे आहे. भिंतीवरचा टायमर त्यात येत नाही. घरातल्या विजेच्या कामाविषयीचा ‘पार्ट पी’ हा बांधकाम-नियम इंग्लंडमध्ये २००५ पासून लागू आहे, परंतु जुन्याच्या जागी तसाच नवा टायमर बसवायचा असेल तर काउन्सिलला कळवावे लागत नाही. टायमर बॉयलरच्या आवरणातच बसवलेला असेल तर गोष्ट निराळी. काही बॉयलरमध्ये ते आवरण ज्वलनकक्ष हवाबंद ठेवण्याचे काम करते, त्यामुळे तिथे स्वतः स्क्रू फिरवण्याचा विचारही करू नये. भाड्याच्या घरात तर हे काम घरमालकाचेच आहे, कारण १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्याच्या ११व्या कलमानुसार हीटिंग आणि गरम पाण्याची दुरुस्ती त्याच्यावर बंधनकारक असते.

माझी सुटका केली ती प्लंबिंगच्या सामानाच्या दुकानातील काउंटरवरच्या तरुणाने. माझ्या मोबाइलमधील फोटो पाहून त्याने एकच प्रश्न विचारला : डब्याच्या खालच्या कडेला दोन छोटे स्क्रू आहेत का? ते होते. हनीवेल, ड्रेटन, डॅनफॉस, सीमेन्स अशा अनेक कंपन्यांचे बरेचसे टायमर एकाच मापाच्या प्रमाणित बॅकप्लेटवर, म्हणजे भिंतीला लावलेल्या पट्टीवर बसतात. सगळ्या तारा त्या पट्टीला जोडलेल्या असतात, आणि डबा नुसता वरून अडकवून खालून स्क्रूने घट्ट केलेला असतो. म्हणजे नवा डबा त्याच पट्टीवर बसत असेल तर एकही तार सोडवावी लागत नाही. हे वाक्य मला त्या दुकानापूर्वी भेटलेल्या एकाही तज्ज्ञाने सांगितले नव्हते. दोन चॅनलचा टायमर साधारण ५० ते १०० पौंडांत मिळतो.

प्रत्यक्ष बदलण्याचे काम चहा थंड होण्यापूर्वी संपले, त्यामुळे त्याबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. हीटिंगचा ३ अँपिअरचा फ्यूज असलेला स्विच बंद केला, फ्यूज काढून खिशात ठेवला आणि मुख्य बोर्डावरचा त्या सर्किटचा स्विचही खाली केला. डबा काढल्यावर पट्टीवरचे प्रत्येक टर्मिनल, म्हणजे तार जोडण्याची जागा, दोन टोकांच्या व्होल्टेज टेस्टरने तपासले. टेस्टर आधी चालू सॉकेटवर तपासावा, मग पट्टीवर, आणि नंतर पुन्हा चालू सॉकेटवर, म्हणजे तो मध्येच बंद पडलेला नव्हता याची खात्री होते. तारेजवळ नेताच दिवा लागणाऱ्या टेस्टर-पेनवर अशा वेळी विसंबू नये. काही घरांत बॉयलर आणि टायमर यांना वीज वेगवेगळ्या जागांहून येते, त्यामुळे एक स्विच बंद केला म्हणजे सर्व तारा निर्जीव झाल्या असे समजणे धोक्याचे आहे.

पट्टीवर सहसा एन (न्यूट्रल), एल (लाइव्ह) आणि १ ते ४ अशी टर्मिनल असतात. दोन चॅनलच्या टायमरमध्ये ३ क्रमांकावरून गरम पाण्याला आणि ४ क्रमांकावरून हीटिंगला वीज जाते. सिलिंडरशिवाय नळाला थेट गरम पाणी देणाऱ्या कॉम्बी बॉयलरचा एका चॅनलचा टायमर याच पट्टीवर बसला तरी त्यात या क्रमांकांचे अर्थ बदलतात, आणि त्यातील एक जोडतार चुकीच्या ठिकाणी राहिली तर बॉयलरचे सर्किट बोर्ड जळू शकते. तसा टायमर असेल किंवा पट्टी जुळत नसेल, तर पैसे देऊन माणूस बोलवावा असे माझे स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. नवा डबा बसवण्यापूर्वी त्याच्या पाठीमागचे छोटे सरकबटण पाहावे. सिलिंडरला पाणी पंपाने पोहोचवणारी आणि ग्रॅव्हिटीवर चालणारी, म्हणजे पंपाशिवाय गरम पाणी आपोआप वर चढणारी, अशा दोन पद्धतींसाठी ते असते. चुकीच्या बाजूला राहिले तर गरम पाण्याशिवाय एकटे हीटिंग चालवताच येत नाही, आणि मग नवा टायमरही बिघडलेला निघाला असे वाटू लागते. बसवून झाल्यावर मी फक्त पाणी, फक्त हीटिंग, दोन्ही चालू आणि दोन्ही बंद, असे चारही प्रकार चालवून पाहिले, आणि रेडिएटर तापताना ऐकू येणारी ती खुडखुड मला त्या दिवशी फारच गोड वाटली.

काम दुसऱ्याला द्यायचेच असेल, तर फोनवर ‘हीटिंग चालत नाही’ असे मुळीच सांगू नये, कारण त्या शब्दांनी बॉयलरच्या तपासणीचे शुल्क सुरू होते. भिंतीवरचा दोन चॅनलचा प्रोग्रामर प्रमाणित बॅकप्लेटवर बदलायचा आहे, बॉयलर उघडायचा नाही, असे सांगून सोबत फोटो पाठवावा आणि टायमरच्या किमतीसह एकूण रक्कम लेखी मागावी.