स्टेप्स येतात, पण बाउन्स कुठे गेला?

दीड वर्ष हिपहॉपचा क्लास झाला, काउंट चुकत नव्हते, नवीन कोरिओग्राफी तासाभरात बसायची, म्हणजे आता आपण इंटरमीडिएट असं मी धरूनच चालले होते. मग एका मैत्रिणीने आमचा व्हिडिओ आवाज बंद करून लावला. बाकीच्या दोघींकडे नुसतं बघून बीट कळत होता, माझ्याकडे बघून नाही. हात बरोबर, पाय बरोबर, पण एक आणि दोनच्या मध्ये गुडघे ताठ आणि मी नुसती उभी.

त्या दिवसापासून दोन महिने नवीन काही शिकले नाही. रोज संध्याकाळी गच्चीवर चाळीस मिनिटं, बूट घालून (सिमेंटवर अनवाणी अजिबात करू नका, गुडघे धरतात), आणि पहिली पंधरा मिनिटं फक्त बाउन्स, म्हणजे तालावर गुडघ्यांतून वरखाली होणं. बीटवर खाली, 'अँड'ला (दोन बीट्सच्या मधल्या अर्ध्या बीटला) वर, असे चार एट (आठ बीट्सचे चार संच), मग उलटं, बीटवर वर. खरी मेहनत त्या बदलात आहे, कारण तिथे अर्धा बीट थांबावं लागतं आणि शरीर थांबायला तयारच नसतं. 90 बीपीएमला (मिनिटाला 90 बीट) जमलं की 70 ला करून बघा, हळू ट्रॅकवर सगळं उघडं पडतं. शाळेत लेझीम खेळलेल्यांना हे लवकर कळेल, तिथेही गुडघ्यात ताल नसेल तर हात कितीही फिरवा, मजा येत नाही.

मग आयसोलेशन, म्हणजे शरीराचा एकच भाग वेगळा हलवणं, पण बाउन्स चालू ठेवून. दोन्ही हात कंबरेच्या हाडांवर ठेवायचे म्हणजे कंबर हलली की लगेच कळतं, आणि छाती पुढे, उजवीकडे, मागे, डावीकडे, एकेका बीटला एक. हे जमलं की तोच गोल आठ बीट्समध्ये फिरवायचा, गुडघे मात्र दर बीटला. मला यालाच तीन आठवडे लागले.

पॉपिंगसाठी (स्नायू झटकन आवळून सोडायची नाचाची शैली) फ्रेस्नो ही स्टेप. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहराचं नाव आहे ते, पॉपिंग घडवणारा बूगालू सॅम तिथलाच. एका बाजूला वजन टाकायचं, त्या बाजूचा हात आणि पाय बीटवर एकदम आवळायचा आणि तितक्याच पटकन सोडायचा. आपण सगळे आवळतो छान, सोडत नाही, मग पुढचा हिट, म्हणजे तो आवळण्याचा झटका, दिसतच नाही.

शेवटची दहा मिनिटं फ्रीस्टाइल (आधी न बसवता नाचणं), पण अख्ख्या गाण्यात एकच स्टेप. मी रनिंग मॅन (जागेवर धावल्यासारखी स्टेप) घेते आणि दिशा, उंची, वेग एवढंच बदलते. एक फेरी किकवर, एक स्नेअरवर, एक हाय-हॅटवर, म्हणजे ड्रमसेटच्या वेगवेगळ्या आवाजांवर. 1973 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या पार्ट्यांत डीजे कूल हर्क एकाच रेकॉर्डच्या दोन कॉप्या लावून ड्रम्सचा तुकडा लांबवायचा कारण नाचणारे त्याचीच वाट बघायचे, त्यामुळे गाण्याचे शब्द सोडून आधी ड्रम्स ऐकायची सवय लावाच, आपल्याकडे क्लासमध्ये लिरिक्सवरच फार कोरिओग्राफी शिकवतात असं माझं स्पष्ट मत आहे.

परवा परत व्हिडिओ म्यूट करून पाहिला. बीट दिसतो आता. डावीकडे वळताना मात्र बाउन्स अजून तुटतोय, म्हणून या आठवड्यात फक्त डावी बाजू.