आप्पांच्या चपला

काळारामाच्या दारातून आप्पा दुसऱ्याच्याच चपला घालून निघाले. पंचवटी कारंजापाशी अंगठा चावायला लागला, तेव्हा कळलं.

"काय वकीलसाहेब, आता मला आत टाकणार?" मला सनद मिळाल्यापासून त्यांचा हाच सूर.

म्हटलं, दुसऱ्याची वस्तू न विचारता उचललीत, म्हणजे कृती झाली. पण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ ला अप्रामाणिक हेतूही लागतो. आपली समजून नेली तर ती चोरी नव्हे.

"मग राहू देत की! नव्याकोऱ्या आहेत."

इथेच तर गोम आहे. चूक कळूनही ठेवून घेतल्या तर कलम ३१४, अपहार. (माझ्या तोंडात अजून जुन्या दंड संहितेचं ४०३ च येतं.)

आप्पा गप्प. रिक्षाने परत गेलो. त्यांच्या झिजक्या चपला तिथेच होत्या, त्या कोण नेणार?