तुम्ही विचारलंत म्हणून: गप्प बसायला सांगते म्हणजे त्यानं केलेलंच असतं का?

गणपतीत मंडळाची आरती झाल्यावर प्रसादाचा द्रोण हातात घेऊन एका काकांनी विचारलं, आणि असं विचारणारे ते काही पहिले नाहीत, की अगं तू रात्री-अपरात्री पोलीस स्टेशनात जाऊन लोकांना 'काही बोलू नका' सांगतेस, मग ज्यानं काही केलंच नाही तो कशाला गप्प बसेल? नाशिकहून आईपण अधूनमधून हेच विचारते, फक्त तिच्या भाषेत: चोराला शिकवतेस का गं? त्या गर्दीत धड उत्तर देता आलं नाही म्हणून आता लिहितेय.

मी इंग्लंडात बर्मिंगहॅममध्ये फौजदारी खटले घेणाऱ्या एका छोट्या फर्ममध्ये ट्रेनी सॉलिसिटर, म्हणजे शिकाऊ वकील आहे, दोन वर्षांपैकी दीड झालं. काळा गाऊन, विग वगैरे काही नाही, ते गंभीर खटले चालतात त्या क्राऊन कोर्टात बॅरिस्टर, म्हणजे कोर्टात बाजू मांडणारे वकील घालतात. माझा दिवस फायली, लीगल एडचे (सरकारी खर्चानं मिळणाऱ्या वकिलाचे) फॉर्म आणि मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या बाकावर वाट बघण्यात जातो. पोलीस स्टेशनला एकटीनं जायला वेगळी परीक्षा द्यावी लागते, ती पास झाले तेव्हापासून गाडीच्या डिकीत स्वेटर, केळी आणि लिहायचं पॅड कायम असतं, कारण फोन कधीही येतो.

आता मुद्दा. आपल्याकडे पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, 1872 च्या पुरावा कायद्यात कलम 25 होतं, नवीन साक्ष्य अधिनियमात ते 23 झालंय. इंग्लंडमध्ये उलटं आहे बघा. इथे पोलीस इंटरव्ह्यू रेकॉर्ड होतो आणि त्यात तुम्ही जे बोललात ते पुढे ज्युरीला ऐकवलं जाऊ शकतं, तुम्ही दमलेले होतात, घाबरलेले होतात, अर्धवट शुद्धीत होतात, हे सगळं नंतरचं रडगाणं. म्हणूनच 1984 च्या पेस (PACE, पोलिसांचे अधिकार आणि पुरावा यांवरच्या) कायद्यानं अटकेतल्या प्रत्येकाला वकिलाचा हक्क दिलाय, आणि पोलीस स्टेशनातला हा सल्ला फुकट असतो, खिशात दमडी असो की लाखो पौंड.

पण 'गप्प बस' हा काही मंत्र नाहीये, काका. इंटरव्ह्यूच्या सुरुवातीला पोलीस जी ताकीद देतात तिचा अर्थ साधारण असा, की तुम्ही काहीही बोलायला बांधील नाही, पण जे पुढे कोर्टात सांगणार आहात ते आत्ता विचारल्यावर सांगितलं नाहीत तर तुमच्या बचावाला धक्का बसू शकतो. 1994 च्या कायद्यानं हे आणलं. म्हणजे नुसत्या गप्प राहण्यावरून दोषी ठरवता येत नाही, पण ज्युरी तुमच्या गप्प राहण्याचा तुमच्याविरुद्ध अर्थ लावू शकते, आणि 'वकिलानं सांगितलं म्हणून' एवढं म्हणून सुटका होत नाही. सल्ला माझा, भोगणार तो. त्यामुळे रात्री एक वाजता ते सांगताना पोटात गोळा येतोच.

एक रात्र सांगते, तपशील बदललेत. एकोणीस वर्षांचा मुलगा, टेकअवेच्या बाहेर मारामारी, संध्याकाळीच उचललेला, मला फोन आला तेव्हा साडेअकरा. अधिकाऱ्यानं मला माहिती दिली अर्धा पान: एक माणूस जखमी आहे, काळा हूडी घातलेला मुलगा कुणीतरी पाहिलाय, सीसीटीव्ही आहे. सीसीटीव्हीत काय दिसतंय? 'ते इंटरव्ह्यूत दाखवू.' सगळं आधी दाखवायला ते बांधील नाहीत. इकडे मुलगा सारखं म्हणतोय मी फक्त सोडवायला गेलो होतो, मला सांगू दे, मी सांगितलं की सोडतील. तीन बिअर झालेल्या, कोण कुठे उभं होतं हे दोनदा विचारलं तर दोन उत्तरं. तो खोटं बोलत होता असं मला वाटलं नाही, पण जे फुटेज आम्ही पाहिलेलंच नाही त्याच्याशी त्याची ही हकिकत जुळली नाही तर खोटारडा तोच ठरणार. सुपरवायजरला झोपेतून उठवलं, दोघींचं ठरलं, फुटेज बघेपर्यंत प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, 'नो कॉमेंट'.

आणि मग मी माती खाल्ली. इंटरव्ह्यूत मी लिहीत होते आणि अधिकारी बोलेल तशी आपली नेहमीची मान हलवत होते, हो नाही, नाही नाही, ती 'हं, ऐकतेय' वाली डोलणारी मान. अधिकारी म्हणाला, तू तिथे होतास ना मित्रांबरोबर? मुलानं माझ्याकडे पाहिलं, माझी मान डोलतेय, त्याला वाटलं बोल म्हणतेय. 'हो, होतो.' झालं. रेकॉर्ड झालेलं पुसता येत नाही. मी इंटरव्ह्यू थांबवून त्याच्याशी एकट्याशी बोलायचंय म्हटलं, त्याची माफी मागितली, आणि आता तिथे होता हे कळलेलंच आहे तर मग तो काय करायला तिथे होता हेही रेकॉर्डवर यायला हवं म्हणून पॅडवर हातानं चार ओळींचं निवेदन लिहिलं, त्यानं सही केली, मी ते वाचून दाखवलं आणि पुढच्या प्रत्येक प्रश्नाला नो कॉमेंट. फुटेज शेवटी दाखवलं, त्यात पाठी आणि हूडी, बाकी काही नाही. सुपरवायजर ओरडली नाही, एवढंच म्हणाली की मान खाली घालून लिहीत जा.

त्यानं केलं होतं का? मला माहीत नाही, खरंच. उद्या कुणी मला 'हो, मीच मारलं' म्हणाला तर मी त्याला इंटरव्ह्यूत खोटं बोलू देऊ शकत नाही, त्यात सामील राहू शकत नाही, पण पोलिसांना ते जाऊन सांगूही शकत नाही. अशा वेळी तो गप्प बसू शकतो, किंवा कबूल करू शकतो, आणि कोर्टात पहिल्याच संधीला गुन्हा कबूल केला तर शिक्षेत साधारण एक तृतीयांश सूट मिळते हेही मीच त्याला सांगते. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, मग चोराला कबूल करायलाही तूच शिकवतेस होय.

त्या मुलाला जामिनावर सोडलं तेव्हा पाच वाजायला आले होते. कोठडीत टाकताना हूडीची नाडी आणि बुटांच्या लेस काढून घेतात, त्या परत मिळाल्या एका प्लॅस्टिकच्या पिशवीत. बाहेर कठड्यावर बसून तो दिव्याच्या उजेडात लेस ओवत होता, बोटं थरथरत होती म्हणून भोक सापडत नव्हतं. मी दुसरा बूट घेतला. पहिली बस कितीला आहे विचारलं त्यानं, मी फोनवर बघून सांगितलं, पाच पंचवीस.