रंग बदलला म्हणजे पारा सापडला?

पाण्यात पारा किंवा शिसं असलं तरी ते दिसत नाही, वास येत नाही, आणि आयसीपी-एमएसवर (धातूंचं अगदी बारीक प्रमाण मोजणारं यंत्र) तपासायचं तर मशीन महागडं, चालवायला ट्रेनिंग घेतलेला माणूस पाहिजे. म्हणून नॅनोपार्टिकलवाले, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचा रंग बदलून धातू दाखवणारे सेन्सर मला जाम आवडतात.

सोन्याचे 13 नॅनोमीटरच्या आसपासचे कण पाण्यात सुटे सुटे असले ना की पाणी चक्क लाल दिसतं, कारण कणांतले इलेक्ट्रॉन 520 नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश खातात, आणि तेच कण एकमेकांना चिकटले की शोषण पुढच्या वेव्हलेंथकडे सरकतं आणि सगळं जांभळं-निळं होतं. मग पारा आला की कणांचं चिकटणं-सुटणं बदलेल अशी सोय करायची, बस. त्यासाठी कणांवर डीएनए बसवतात, पाऱ्याचा आयन दोन थायमिनच्या (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक, T) मधे जाऊन बसतो आणि जोड पक्की होते. 2007 मध्ये अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ चॅड मिर्किन यांच्या ग्रुपने हेच वापरलं, जोड पक्की झाल्यामुळे कण सुटायला जास्त तापमान लागतं, तेवढं बघायचं. शिशाचं उलटं, तिथे कण डीएनएने आधीच जोडलेले असतात, शिसं मिळालं की डीएनएझाइम (एन्झाइमसारखं काम करणारा डीएनए) तो डीएनए कापतो, कण सुटतात आणि निळ्याचं लाल होतं.

आता खरी कटकट. त्या 2007 च्या पद्धतीला कमीत कमी जेवढा पारा ओळखता येतो तो 100 नॅनोमोलर, म्हणजे लिटरमागे 20 मायक्रोग्रॅम पारा, आणि डब्ल्यूएचओची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा लिटरमागे 6 मायक्रोग्रॅम! नंतरचे बरेच सेन्सर त्याच्या खाली गेले म्हणा, पण आकडा शुद्ध पाण्यातला की नदीच्या, ते मी आधी बघतो. सायट्रेटवाल्या (सायट्रिक अ‍ॅसिडच्या क्षाराचा थर असलेल्या) कणांवर निगेटिव्ह चार्ज असतो म्हणून ते लांब राहतात, त्यात नुसतं मीठ टाकलं तरी चार्ज झाकला जातो आणि निळं होतं, पाऱ्याचा पत्ताच नाही. पण मला याच्या उलटं जास्त डेंजर वाटतं: ह्युमिक अ‍ॅसिडसारखे (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून पाण्यात येणारे) पदार्थ कणांवर थर धरतात, पाऱ्यालाही पकडून ठेवतात, आणि पारा असूनही रंग तसाच.

म्हणून हे फक्त चाळणी म्हणून वापरावं असं माझं मत. संशय आलेलं सॅम्पल आयसीपी-एमएसला द्यायचं, आणि ठीक वाटलेल्यांतलीही काही अधूनमधून पाठवायची.